हायड्रोजन गाडीत कोणता मोड कधी? चोर्ला घाट, पर्वरीची कोंडी आणि फेरीधक्का

गोव्यात आज हायड्रोजन भरायचा सार्वजनिक पंप नाही, हे आधीच सांगून टाकतो. मग फ्युएल सेल गाडी, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवून चालणारी गाडी, चोर्ला घाटात इको, नॉर्मल की स्पोर्ट अशा कुठल्या मोडमध्ये चढवायची, ही उठाठेव कशाला? एक तर आपल्याकडे घरटी एखादं माणूस बाहेर असतं. कॅलिफोर्निया, जपान, कोरिया इथे या गाड्या रस्त्यावर आहेत आणि लीजवर किंवा भाड्याने आपल्या माणसांच्या हाती येऊ शकतात. दुसरं असं की मोडचं गणित समजायला ओळखीचा रस्ता लागतो. सॅन फ्रान्सिस्कोचा चढ सांगितला तर डोळ्यांपुढे काहीच येत नाही. केरी मागे पडल्यावर सुरू होणारी वळणं सांगितली की पाय आपोआप सावध होतो. शिवाय ज्यांच्याकडे हायब्रिड किंवा बॅटरीवरची गाडी आहे त्यांना यातलं अर्धंअधिक आजच वापरता येईल.

मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटा मिराईत बसून संसदेत गेले, तेव्हापासून ‘हायड्रोजनची गाडी कधी येणार’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. देशात सध्या भर मोठ्या वाहनांवर आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने ३७ बस-ट्रक आणि ९ भरणा केंद्रांच्या चाचणी प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांच्या मार्गांत पुणे–मुंबई आहे, गोवा नाही. तेव्हा घाई नाही, नीट समजून घेऊ.

मोड ठरवायची माझी रीत अशी: आधी पुढचा पंप किती लांब ते बघा, मग पुढचा रस्ता चढाचा की उताराचा ते बघा, आणि मनाला काय हवंय ते सगळ्यांत शेवटी.

आधी आत काय चाललंय ते

गाडीत मोटर एकच, पण तिला वीज देणारे दोघं. फ्युएल सेलच्या स्टॅकमध्ये टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज, पाणी आणि उष्णता तयार होते. सोबतीला बॅटरी. घरची विहीर, तिच्यावरचा पंप आणि गच्चीवरची टाकी आठवा: पंप एका चालीने पाणी चढवतो, पण चार नळ एकदम सोडले तर तो झटका टाकी सांभाळते. इथे स्टॅक म्हणजे पंप आणि बॅटरी म्हणजे टाकी. स्टॅकला जास्त वीज द्यायची तर आधी कॉम्प्रेसरने जास्त हवा आत ढकलावी लागते. त्याला लागणारा क्षणभराचा वेळ बॅटरी भरून काढते. ब्रेक मारताना परत मिळणारी वीजही तिथेच साठते.

दुसऱ्या पिढीच्या मिराईचे आकडे हाताशी ठेवू. स्टॅक १२८ किलोवॅट, मोटर १३४ किलोवॅट, हायड्रोजन ५.६ किलो, आणि बॅटरी फक्त १.२४ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत सव्वा युनिट. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिट ऊर्जा असते. मध्यम-हलक्या भारावर चांगली यंत्रणा त्यातला ६० टक्क्यांच्या आसपास भाग विजेत बदलते. पूर्ण ताकद मागितली की हा आकडा बराच खाली येतो, कारण सेलमधले तोटे वाढतात आणि कॉम्प्रेसर स्वतःच बरीच वीज खातो.

मोडच्या बटणाने स्टॅक मोठा होत नाही. बहुतेक गाड्यांत इको मोड पेडल मऊ करतो आणि एसीला आवर घालतो. स्पोर्टमध्ये पेडल तिखट होतं, थोड्या दाबाला जास्त ताकद मिळते. नॉर्मल दोन्हींच्या मध्ये. म्हणून इकोमध्ये पेडल दाबून चालवणारा माणूस, नॉर्मलमध्ये हलक्या पायाने जाणाऱ्यापेक्षा जास्त हायड्रोजन खर्च करतो. इकोचं हिरवं चिन्ह बघून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी नजर चिन्हावरून काढून किलोमीटरमागच्या खर्चाच्या आकड्यावर ठेवावी.

पायरी १: गाडी कुठल्या जातीची ते ओळखा

इथे चूक झाली तर पुढचं सगळं उलटं होतं. मिराई आणि ह्युंदाई नेक्सो या छोट्या बॅटरीच्या गाड्या. पहिल्या पिढीच्या नेक्सोची बॅटरी दीड युनिटच्या घरातली. या बॅटऱ्यांना बाहेरून प्लग लावता येत नाही. बॅटरी कधी भरायची आणि कधी वापरायची हे गाडीच ठरवते, तुमच्या हातात फक्त पेडलचा स्वभाव आणि ब्रेकमधून किती वीज परत घ्यायची ते.

दुसरी जात प्लगवाली. होंडाच्या सीआर-व्ही ई:एफसीईव्हीत १७.७ युनिटची बॅटरी आहे आणि ४.३ किलो हायड्रोजन मावतो. ऑटो, ईव्ही, सेव्ह आणि चार्ज असे वीज कुठून घ्यायची ते ठरवणारे चार मोड वेगळे, आणि पेडलचे मोड वेगळे. त्याआधी मर्सिडीजच्या जीएलसी एफ-सेलमध्येही अशीच चौकडी होती: हायब्रिड, एफ-सेल, बॅटरी, चार्ज. नावं बदलतात, प्रश्न तेच राहतात. भाड्याची गाडी घेतलीत तर पार्किंगमधून बाहेर काढण्याआधी पाच मिनिटं स्क्रीनवर बोट फिरवा आणि या दोन याद्या वेगळ्या करून घ्या. चालत्या गाडीत त्या शोधत बसू नका.

पायरी २: निघण्याआधी टाकी आणि पंप

इंधनकाट्यापेक्षा पंपाचं अंतर महत्त्वाचं. अमेरिकी मोजणीनुसार मिराई भरल्या टाकीवर ६४७ किलोमीटरपर्यंत जाते. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून निघून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत जाऊन परत आलात तरी अर्धी टाकी संपणार नाही. गोव्याएवढ्या प्रदेशात एक पंप पुरला असता, पण तो एकच बंद पडला तर सगळं ठप्प. कॅलिफोर्नियात या गाड्या वापरणाऱ्यांची मोठी कटकट हीच, पंप नकाशावर असतो पण चालू असेलच असं नाही. म्हणून सवय अशी लावा: निघताना पंपाची ताजी स्थिती ॲपवर बघायची आणि अर्ध्या टाकीला ‘भरायला हवं’ म्हणायचं.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या, दाब. गाड्यांच्या टाक्या ७०० बारच्या असतात. बस-ट्रकसाठीचे बरेच पंप ३५० बारचे. इतक्या जास्त दाबावर हायड्रोजनचं दाब निम्मा म्हणजे माल निम्मा असं सरळ गणित नाही, तरी ३५० बारवर टाकीत साधारण ६० टक्केच भरतो. अशा भरण्यानंतर इको मोडला खरा अर्थ येतो.

पंप जवळ असेल आणि टाकी भरलेली असेल तर इकोचा हट्ट सोडा. नॉर्मलमध्ये निवांत जा.

पायरी ३: शहर आणि कोंडी

पर्वरीत किंवा मडगावच्या कोलवा सर्कलला गाडी अडकली की मोटरला जवळपास काहीच काम नसतं. खर्च होतो तो एसीचा. आपल्या दमट उन्हात एसी दीड किलोवॅट घेतोय असं धरा. तासभर अडकलात तर दीड युनिट, म्हणजे हायड्रोजनचे ८०–९० ग्रॅम. मिराईसारखी गाडी शंभर किलोमीटरला साधारण ८०० ग्रॅम घेते, त्यामुळे तासाची कोंडी म्हणजे दहा-अकरा किलोमीटरचं अंतर गेलं. फार नाही. पेट्रोलच्या गाडीपेक्षा इथे जीव कमी जळतो, कारण थांबल्यावर स्टॅक बंद राहू शकतो आणि बॅटरी एसी चालवते.

कोंडीत इको उत्तम. मऊ पेडलमुळे पुढच्या स्कूटरवर झेप जात नाही आणि मागे बसलेल्या आजींना हिसके बसत नाहीत. प्लगवाली गाडी असेल तर ईव्ही. त्यात एक छोटा फायदा असाही, की डिझेल ट्रकच्या मागे उभं असताना स्टॅक धूर ओढत नाही. गंधकाची संयुगं स्टॅकमधल्या प्लॅटिनमला चिकटतात आणि त्याचं काम मंदावतं. गाडीत त्यासाठी फिल्टर असतो. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तो वेळेवर बदलावा, खारी हवाही त्याला काही मानवत नाही.

पायरी ४: घाट चढताना

गैरसमज सगळ्यांत जास्त इथेच. घाट आला की लोकांचा हात स्पोर्टकडे जातो. आकडे मांडून बघू.

गाडी माणसांसकट दोन टन धरा, वेग ताशी ४० किलोमीटर, चढ सहा टक्के. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागतात सुमारे १३ किलोवॅट. टायर आणि हवेचा विरोध मिळून आणखी तीनेक. मोटरचे तोटे आणि एसी धरून २० किलोवॅटच्या आसपास. स्टॅकची ताकद १२८. म्हणजे चोर्ल्याच्या वळणांवर, जिथे ४० च्या वर जाणं शहाणपणाचं नाही, तिथे गाडी आपल्या सहाव्या हिश्शावर रमतगमत चालली आहे. जुन्या मारुतीला पहिल्या गिअरमध्ये घरघरत चढवणाऱ्या पिढीला हे पटायला जड जातं. पण इथे ताकदीसाठी स्पोर्ट लावायचं कारणच उरत नाही.

खर्चाचं चित्र मात्र वेगळं आहे. चढ एकूण ७०० मीटर उंचीचा आणि १८ किलोमीटर लांबीचा धरला, तर उंची गाठायलाच ३.८ युनिट, टायर-हवेचं सव्वा युनिट, वर तोटे आणि एसी मिळून साडेसहा युनिट जातात. हायड्रोजन लागतो एक-तृतीयांश किलोहून थोडा जास्त. सपाट रस्त्यावर तेवढ्याच अंतराला दीडशे ग्रॅमच्या आत भागलं असतं. केरीला मीटरवर ‘एवढे किलोमीटर शिल्लक’ म्हणून जो आकडा दिसतो, तो चढ संपेपर्यंत भराभर पडतो. घाबरू नका, उतारावर त्यातला काही परत चढतो.

चढावर नॉर्मल लावा आणि पाय स्थिर ठेवा. इको चालेल, पण चढावर मऊ पेडल काहींना बेचैन करतं. मग ते नकळत जास्त दाबतात आणि हेतूच फसतो. स्वतःचा पाय ओळखा.

मे महिन्यात आणखी एक विचार. पेट्रोल इंजिनाची बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते. फ्युएल सेलची जवळपास सगळी रेडिएटरलाच बाहेर टाकावी लागते, आणि स्टॅक ८० अंशांच्या आसपासच चालत असल्यामुळे बाहेरची हवा ३५ अंशांची असली की रेडिएटरचं काम अवघड होतं. कमी वेग, लांब चढ, जोरात एसी आणि वर स्पोर्टमधला उतावळा पाय, असं सगळं जमलं तर यंत्रणा स्वतःला जपायला ताकद आवरते. गाडी मंदावली म्हणून पेडल आणखी दाबू नका. एसी एक घर खाली आणा आणि वेग उतरवा.

ओव्हरटेकसाठी स्पोर्ट योग्य, पण रस्ता दिसत असेल तरच. अनमोडकडे मालाच्या ट्रकांमागे सरळ पट्टा मिळाला तर आधी स्पोर्ट, मग ओव्हरटेक, मग परत नॉर्मल. छोट्या बॅटरीच्या गाडीत एकामागोमाग दोन-तीन ट्रक असे मागे टाकले की बॅटरी उतरते आणि चौथ्या वेळी तो झटका मिळत नाही. स्क्रीनवर बॅटरीच्या दांड्या बघून ठरवा. करमल घाटात तर हा विषयच नको, तिथली वळणं ओव्हरटेकसाठी नाहीत.

पायरी ५: उतरताना, आणि इथे जास्त लक्ष

चढताना चूक झाली तर थोडा हायड्रोजन जातो. उतरताना ब्रेकचा प्रश्न असतो.

तोच घाट, उलट दिशेने. ३.८ युनिट ऊर्जा खाली येताना मोकळी होते. सव्वा युनिट टायर आणि हवा घेतात. उरलेल्या अडीचेक युनिटांपैकी सत्तर टक्के पकडता आले तर पावणेदोन युनिट बॅटरीत जायला हवेत. मिराईची बॅटरी सव्वा युनिटची, तीही कधी पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. म्हणजे अर्ध्या घाटातच ती भरते. भरल्यावर मोटर गाडीला पहिल्यासारखी मागे ओढत नाही, भार नेहमीच्या घर्षणाच्या ब्रेकवर येतो. ज्याला हे माहीत नसतं त्याला वाटतं ब्रेक ढिले झाले.

म्हणून माथ्यावरूनच वेग कमी ठेवा. नेक्सोत स्टिअरिंगमागच्या पॅडलने वीज परत घेण्याची पातळी बदलता येते, पहिल्या पिढीच्या मिराईत त्यासाठी बीआर नावाची वेगळी सोय होती. उतार सुरू होताना ती पातळी वाढवा आणि बॅटरी भरत आली की ब्रेक जास्त लागणार हे गृहीत धरा. सलग हलका ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी नीट दाबायचा, सोडायचा, डिस्कला वारा लागू द्यायचा. आपले एसटीचे आणि कदंबाचे जुने ड्रायव्हर हेच करत आले आहेत.

प्लगवाल्या गाडीत अडीच युनिट सहज मावतात, पण जागा असेल तर. इथे लोक नेमकं उलटं करतात: घाटासाठी म्हणून बॅटरी सेव्हमध्ये राखतात, माथ्यावर भरल्या बॅटरीने पोहोचतात आणि उतारावर फुकटची वीज ब्रेकच्या उष्णतेत घालवतात. चढाला स्टॅक पुरून उरतो हे वर पाहिलंच. माथ्यावर पोहोचताना बॅटरीत जागा हवी.

पायरी ६: महामार्ग

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ८० चा वेग १०० केला तर हवेच्या विरोधाचा किलोमीटरमागचा खर्च दीडपटीहून जास्त होतो. कुठलाही मोड हे बदलू शकत नाही. क्रूझ कंट्रोल आणि नॉर्मल, एवढंच.

पायरी ७: पाऊस, चिखल आणि फेरीधक्का

पावसाळ्यात इकोची एक खोड त्रास देते. तो एसी आवरतो, आणि जुलैच्या ओल्या हवेत एसी आवरला की काचेवर धुकं धरतं. गाडीत एसीचा इको वेगळा बंद करता येत असेल तर करा, नसेल तर नॉर्मलवर या. वाचलेल्या चार ग्रॅम हायड्रोजनपेक्षा समोरचं दिसणं मोलाचं.

विजेच्या मोटरला जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. मिराईत ३०० न्यूटन-मीटर आणि तेही मागच्या चाकांना. लाल चिखलावर किंवा ओल्या पाल्यावर चाक जागीच फिरायला वेळ लागत नाही. होंडात स्नो मोड आहे. नाव बर्फाचं असलं तरी निसरड्या रस्त्यावर जोर हळू सोडणं हेच त्याचं काम, तेव्हा सत्तरीच्या आडरस्त्याला तो लावायला हरकत नाही. जिथे तो नाही तिथे इको.

दिवाडी किंवा चोडणला जाताना फेरीबोटीच्या उतरणीवर शेवाळ असतं. तिथे इको, अंगठ्याच्या दाबाने पेडल, आणि वीज परत घेण्याची पातळी सगळ्यांत कमी. जोरात परत घेणारी मोटर निसरड्यावर चाक अडवू पाहते. बोटीवर चढलात की गाडी बंद आणि हँडब्रेक.

पायरी ८: प्लगवाल्या गाडीचे चार मोड

नियम एकच धरा: जी ऊर्जा परत मिळायची खात्री आहे ती आधी वापरा. घरी प्लग आहे आणि हायड्रोजनचा पंप लांब आहे, म्हणजे वीज आधी. अमेरिकी मोजणीत होंडा नुसत्या बॅटरीवर ४७ किलोमीटर जाते. पणजी ते म्हापसा जाऊन-येऊन ईव्हीत होईल आणि बाजारात दोन फेऱ्या मारायला उरेल. पणजी ते मडगाव एकेरी आरामात. परतीला मडगावात चार्जिंग मिळणार नसेल तर ऑटो.

पणजीहून चोर्ल्यामार्गे बेळगावला जायचं असेल तर घरून ईव्हीत निघा आणि बॅटरी उतरल्यावर गाडीला ऑटोत जाऊ द्या. बेळगावात प्लग मिळाला तर पूर्ण भरू नका. परतीचा मोठा उतार गोव्याच्या बाजूला आहे, त्यासाठी जागा ठेवा. चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत बॅटरी निम्म्यावर आली असेल तर उत्तम.

सेव्ह मला एकाच प्रसंगी पटतो: शेवटच्या टप्प्यात आवाज-हालचाल नको असते तेव्हा, म्हणजे रात्री उशिरा वाड्यात शिरताना किंवा इस्पितळाच्या आवारात. चार्ज तर त्याहून क्वचित. स्टॅकमधून वीज काढायची, बॅटरीत घालायची, परत काढायची, प्रत्येक फेरीत काही टक्के गळती. महागडा हायड्रोजन देऊन घरच्या प्लगवर स्वस्तात मिळणारी वीज बनवण्यात काय हशील? उताराआधी तर चार्जच्या वाटेला जाऊच नका.

गाडी ठेवताना

एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो पाणी तयार होतं. शंभर किलोमीटरला सात लिटरच्या आसपास. बरंचसं वाफेने जातं, बाकीचं टपकतं. मिराईत त्यासाठी एचटूओ लिहिलेलं बटण आहे: पार्किंगमध्ये शिरण्याआधी बाहेरच गाडी थांबवून ते दाबा, साठलेलं पाणी तिथेच निघून जाईल. इमारतीच्या तळघरात हे विसरलात तर खाली डबकं साचतं आणि गाडीतून काहीतरी गळतंय म्हणून वॉचमन वर येतो. त्याला एकदा समजावून सांगा, आणि मागून कोणी चालत येत नाही ना ते बघून मगच बटण दाबा.